गाडीच्या पोटाला पत्री

बैलाला पत्र्या मारल्याशिवाय आपले आजोबा त्याला खडीच्या रस्त्यावर नेत नसत. शेतातल्या मऊ मातीत खुराला काही होत नाही. पण माल भरून गाडी बाजाराच्या वाटेला लागली की खूर झिजतात, बैल लंगडू लागतो आणि मग गाडी, माल आणि माणूस सगळेच वाटेत अडकून पडतात. म्हणून बाजाराच्या दिवशी नालबंदाकडे जायचे, बैल आडवा पाडायचा आणि चारही पायांना पत्र्या ठोकून घ्यायच्या. या खर्चाला घरात कुणी उधळपट्टी म्हणत नसे. शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरांची माळ बेंदराला, वर्षातून एकदा. पत्री मात्र झिजली की लगेच.

आता त्या बैलांची जागा बऱ्याच घरांत पिकअपने घेतली आहे. शिंगांचा रंगही गाडीवर आला. पुढे चकचकीत नळ्यांचा गार्ड, काचेवर देवाचे नाव, मागे मुलांची नावे, आरशाला गोंडे. पत्री तेवढी आणायची राहिली. गाडीच्या पोटाखाली, जिथे वाकून कुणी पाहत नाही तिथे, इंजिनाचे तेल धरून ठेवणारे भांडे उघड्यावर लटकत असते. त्याला दगड लागला तर काय होते, आणि लागू नये म्हणून काय करता येते, याविषयी आज थोडे बोलू.

या विषयासाठी मी तुम्हाला उज्जैनला नेणार आहे. महाकालाच्या दर्शनाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी ते गाव पाहिले असेल. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात आजचे महाकाल मंदिर उभे राहिले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला बस्तान हलवीपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्या काळापासून तिथे मराठी घरे आहेत. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि शेतावर माळवी अशा तीन बोली सहज बोलणारी माणसे तिथे भेटतात. आपण सीमाभागातली मंडळी घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतो, त्यामुळे हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण यात्रेकरू पाहतो ते उज्जैन वेगळे आणि शहराबाहेरचे वेगळे. बडनगर, खाचरोद, महिदपूर, तराना या तहसिलींत सोयाबीन, गहू, हरभरा, कांदा आणि लसूण पिकतो. तो माल उज्जैनच्या चिमनगंज मंडीत किंवा जवळच्या बाजारात येतो आणि त्यातला बराचसा पिकअपमधून येतो. मोठा रस्ता चांगला असतो. प्रश्न असतो तो शेतापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरचा.

माळव्याची माती काळी, कापसाची. पाऊस पडला की ती फुगते, ऊन पडले की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरची मोठी चाके या मातीतून गेली की दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधली माती तशीच उंच राहते. ट्रॅक्टरचे पोट उंच असते, त्याला काही वाटत नाही. पुढे ऊन पडते आणि तो मधला उंचवटा विटेसारखा टणक होतो. त्यात काळ्या फत्तराचे धोंडे रुतलेले असतात. सोयाबीन काढून झाले की पिकअप त्याच वाटेने शेतात शिरते. तिची चाके चाकोरीत उतरतात आणि पोट थेट उंचवट्यावर टेकते. चाकोरीबाहेर जाणे किती कठीण असते, हे बोलण्यातला वाक्प्रचार म्हणून आपण ऐकतो. पिकअपचा चालक ते रोज अनुभवतो.

साधारण पिकअपचे पोट जमिनीपासून अठरा ते बावीस सेंटीमीटर उंच असते, म्हणजे एक वीत. या एका वितेत काय काय असते ते पाहा. सर्वांत पुढे रेडिएटरचा तळ. त्याच्या मागे इंजिनाचे ऑइल भरलेले भांडे, ज्याला आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. हे चेंबर पातळ पत्र्याचे असते किंवा ॲल्युमिनियमचे ओतीव असते. पत्र्याच्या चेंबरला मार लागला तर ते चेपते, ओतीव चेंबर तडकते. त्याच्या मागे गिअरबॉक्स. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर त्याला जोडून ट्रान्स्फर केस. एका बाजूला सायलेन्सरची नळी, दुसऱ्या बाजूला डिझेलची टाकी. शिवाय चेसिसच्या कडेने ब्रेकच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात.

गाडीला धक्का फक्त शेतवाटेवरच बसतो असे नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. म्हणजे चाक सावकाश वर चढते आणि सावकाश उतरते. गावोगावी डांबराचे जे अरुंद उंचवटे रातोरात उभे राहतात, त्यांना कसलेच माप नसते. उज्जैनकडे सध्या आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी तिथे रस्त्यांची मोठी कामे काढली आहेत. इंदूर ते उज्जैन रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. कामे चालू असली की वळणरस्ते आले, आणि वळणरस्ता म्हटला की खडी, सळ्यांचे तुकडे आणि अर्धवट भरलेले चर आलेच.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणा. उज्जैनच्या बाजूचे मराठी घर. वडिलांची थोडी शेती, मुलाने कर्ज काढून घेतलेली पिकअप. स्वतःचा माल नेऊन झाला की तो शेजारपाजारचा माल भाड्याने नेतो. घराचा हप्ता, बहिणीची फी, आजीची औषधे, सगळे त्या गाडीवर. हाती चार पैसे आले की मुलगा म्हणतो, “आई, पुढे स्टीलचा गार्ड बसवून घेतो. गाडी कशी उठून दिसेल बघ.” आई शहाणी असेल तर म्हणेल, “दिसायचं राहू दे रे. त्या मिस्त्रीकाकांना विचार, खालून काही लागलं तर काय करायचं?”

आईचा प्रश्न कायद्याच्या अंगानेही बरोबर आहे. पुढच्या बाजूला लावायच्या त्या नळ्यांच्या गार्डवर कारवाई करा, असे पत्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पाठवले होते. असा गार्ड पायी चालणाऱ्याला घातक ठरतो आणि धडकेचा मार शोषून घेण्याची गाडीची रचना बिघडवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. म्हणजे जो खर्च दिसतो त्याने दंड भरायची वेळ येते, आणि जो दिसत नाही त्याने गाडी वाचते.

पोटाखाली लावायच्या या पत्र्याला गॅरेजमध्ये ‘इंजिन गार्ड’ किंवा ‘चेंबर गार्ड’ म्हणतात. इंग्रजीत त्याला स्किड प्लेट म्हणतात आणि त्या नावात त्याचे खरे काम सांगितलेले आहे. स्किड म्हणजे घसरणे. पोट उंचवट्यावर टेकले तर गाडी तिथे अडकून न पडता त्या पत्र्यावरून घसरून पुढे जावी, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या गिअरबॉक्सखालीही असा पत्रा होता. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी त्या जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून आपल्या मिस्त्रींना ही चीज माहीत आहे. अलीकडे इसुझू व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) यांसारख्या आडवाटेच्या पिकअप भारतात आल्या आणि शौकीन मंडळींत स्किड प्लेटची चर्चा वाढली. पण गरज शौकिनांपेक्षा भाड्याच्या पिकअपला जास्त आहे. शौकीन वर्षातून चार वेळा डोंगरात जातो, पिकअपवाला रोज शेतात जातो.

पत्रा कसा निवडावा? बाजारात दीड-दोन मिलिमीटरचा पातळ पत्राही गार्ड म्हणून विकला जातो. तो चिखल अडवतो, दगड अडवत नाही. पोलाद घ्यायचे तर निदान तीन मिलिमीटरचे घ्यावे. दोन आणि तीन यांत फरक एका मिलिमीटरचा वाटतो, पण सपाट पत्र्याची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोनाचा घन आठ, तीनाचा सत्तावीस. म्हणजे तीन मिलिमीटरचा पत्रा दोनच्या तिपटीहून अधिक ताठ असतो. पत्र्याला लांबीच्या दिशेने घड्या किंवा पन्हळी मारलेल्या असतील तर तो आणखी ताठ होतो.

वजनाची भीती फारशी नको. नव्वद सेंटीमीटर लांब आणि साठ सेंटीमीटर रुंद असा तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा भरतो तेरा किलोच्या आतबाहेर. त्याच मापाचा सहा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा नऊ किलोच्या आत बसतो. जाडी दुप्पट असल्याने तो पोलादापेक्षा ताठही असतो आणि त्याला गंजाची चिंता कमी. मग ॲल्युमिनियमच का नको? एक तर ते महाग. दुसरे, ते मऊ असते, टोकदार दगड त्यात रुततो आणि पत्रा घसरण्याऐवजी खरवडला जातो. पोलाद दगडावरून सरकते, चेपले तर हातोड्याने ठोकून सरळ करता येते आणि कुठल्याही गावात मिळते. रोजच्या धंद्याच्या गाडीला पोलाद बरे.

पत्र्याचा आकारही पाहावा. पुढची कड वरच्या बाजूला वळवलेली असावी, होडीच्या नाळेसारखी. सरळ कापलेली कड दगडाला अडकते आणि अख्खा पत्रा उचकटून निघतो. बोल्टची डोकी पत्र्याच्या खोलगट खाचेत बसणारी असावीत, नाहीतर पहिल्याच घासण्यात ती झिजून जातात आणि पुढच्या वेळी पाना धरायला काही उरत नाही. ऑइल काढायच्या बोल्टखाली भोक किंवा झाकण असावे. ते नसेल तर दर वेळी ऑइल बदलताना सगळा पत्रा उतरवावा लागतो. मग एखाद्या दिवशी कंटाळून कुणीतरी तो उतरवतो आणि परत लावतच नाही. गरम हवा बाहेर जायला पत्र्यात फटी हव्यात, कारण रेडिएटरमधून आलेली तप्त हवा इंजिनाच्या खालूनच निघून जाते.

आता बसवण्याचे काम. गाडी सपाट जागी लावावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना मागून-पुढून अडसर लावावेत. गॅरेजमध्ये खड्डा किंवा रॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय कुणीही गाडीखाली शिरू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे काळाच्या जबड्यात मान देणे. ही गोष्ट मिस्त्रीने ऐकली नाही तर आपण ऐकवावी, त्याच्याही घरी वाट पाहणारी माणसे असतात. सायलेन्सर थंड होऊ द्यावा.

मग चेसिसवरची माती काढून तारेच्या ब्रशने जुन्या भोकांचे आटे साफ करावेत. पिकअपची चेसिस शिडीसारखी असते, दोन लांब पट्ट्या आणि मधे आडव्या पायऱ्या. कंपनीने त्यावर भोके दिलेली असतात, गार्ड त्यांनाच धरून बसला पाहिजे. पत्रा थेट चेसिसला वेल्डिंग करून देतो, असे कुणी म्हणाले तर हात जोडून नाही म्हणावे. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचे पोलाद तिथे कमजोर पडते आणि पुढे तडा जाऊ शकतो. चेसिसच्या पट्टीत नवी भोके पाडण्याचेही तसेच.

एकाने पत्रा खालून धरावा आणि दुसऱ्याने सगळे बोल्ट आधी सैल लावून घ्यावेत. एक बोल्ट पूर्ण आवळला की उरलेल्यांची भोके जुळत नाहीत. सर्व जागेवर बसल्यावर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. बोल्ट चांगल्या प्रतीचे असावेत, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला पाहून घ्यावा. खाली वॉशर आणि धक्क्याने ढिला न होणारा नट हवा. आवळून झाल्यावर पत्रा आणि चेंबर यांत बोटे घालून पाहावीत. दोन ते अडीच सेंटीमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. पत्रा दगडावर आदळला की थोडा आत दबणारच. तेवढी जागा नसेल तर दगडाचा मार पत्र्यामार्फत चेंबरलाच बसतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. सायलेन्सरच्या नळीला आणि ब्रेकच्या पायपांना पत्रा कुठेच टेकता कामा नये. शेवटी गाडी सुरू करून खडखडाट येतो का ते ऐकावे. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

शक्यतो कंपनीने त्याच मॉडेलसाठी तयार केलेला गार्ड घ्यावा आणि वॉरंटीबद्दल विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावे. उज्जैनहून इंदूरमार्गे पुढे गेले की पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीचे मोठे केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. खडीच्या आणि आडवाटेच्या चाचणीसाठीही तिथे वेगळे ट्रॅक आहेत. अशा ठिकाणी गाडी तिच्या मूळ रचनेत तपासली जाते. आपण बाहेरून जे काही लावतो त्याची चाचणी आपल्याच रस्त्यावर होते, हे ध्यानात असू द्यावे.

गार्ड बसला म्हणजे निश्चिंत झालो असे नव्हे. दोन गोष्टींकडे लक्ष हवेच. पावसाळ्यात काळी माती पत्र्याच्या वर जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि खालून गंज चढतो. म्हणून दर पंधरवड्याला पाण्याचा जोरदार फवारा मारून ती काढावी. दुसरी गोष्ट अधिक जपण्याची. गव्हाच्या काढणीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये, वाळलेले काड आणि गवत पत्रा आणि सायलेन्सर यांच्या मधल्या फटीत अडकते. सायलेन्सर तापलेला असतो आणि काड सुकलेले. ठिणगी पडायला आणखी काही लागत नाही. शेतातून बाहेर पडल्यावर दोन मिनिटे थांबून, वाकून, काठीने ते काड काढून टाकावे.

चालकानेही एक सवय लावून घ्यावी. गतिरोधकावर चढताना ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचे नाक खाली झुकते आणि नेमके चेंबर आपटते. ब्रेक आधी लावावा, वेग उतरवावा आणि चाक उंचवट्यावर चढताना पाय काढून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. एवढे करूनही एखादा धोंडा असा लागतो की चेंबर फुटते. समोरच्या डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचे लाल चित्र पेटते. मंडी दीड किलोमीटरवर असते, मागे तीस-चाळीस पोती लसूण असतो आणि लिलावाची वेळ होत आलेली असते. मनात येते, एवढे अंतर तर सहज जाऊ. इथेच घर बुडते. तेलाचा दाब गेला की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर धातूवर धातू घासू लागतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. फुटलेले चेंबर बदलणे हे एका दिवसाचे काम आहे. जाम झालेले इंजिन म्हणजे गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये आणि हप्ता मात्र चालू.

विम्याचा भरवसा धरून पुढे जाऊ म्हणाल, तर पॉलिसीचे कागद वाचा. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीतच अट असते की अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेले नुकसान मालकाने स्वतः सोसायचे. इंजिनासाठी वेगळे जादा संरक्षण मिळते, पण त्याच्याही अटी आधी वाचाव्यात. म्हणून लाल बुधली दिसली की त्याच जागी किल्ली बंद. माल दुसऱ्या गाडीत भरा, भाड्याचे चार पैसे जाऊ द्यात. घरच्यांनीही त्या पोराला एवढा विश्वास द्यावा की माल उशिरा पोचला तर कुणी बोलणार नाही. पुष्कळदा चालक दिव्यापेक्षा घरच्या बोलण्याला जास्त भितो.

हे सगळे उज्जैनपुरते नाही. आपल्याकडे माती बदलते, प्रश्न तोच राहतो. खानापूर, जांबोटीकडच्या वाटांवर जांभ्याचे दगड असतात, चोर्ला घाटाच्या बाजूला पावसाने उघडे पडलेले खड्डे असतात आणि उसाच्या शेतातल्या वाटा तर ट्रॅक्टरनेच पाडलेल्या असतात. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड ओतणारे आणि पत्रा घडवणारे कसबी हात आहेत, त्यामुळे चांगले काम करून घेणे आपल्याला अवघड नाही. फक्त काय मागायचे ते माहीत हवे: तीन मिलिमीटर जाडी, वळवलेली कड, ऑइलसाठी भोक, कंपनीच्याच भोकांना बोल्ट आणि चेंबरपासून दोन बोटे अंतर.

पेरणीची घाई सुरू होण्याआधी, मृग लागण्यापूर्वीचा आठवडा या कामाला चांगला. गाडी गॅरेजमध्ये न्या आणि खड्ड्यात उतरून एकदा तिचे पोट स्वतः पाहा. सोबत घरातल्या मुलालाही घेऊन जा. ज्या गाडीवर आपले घर चालते तिची खालची बाजू कशी असते, हे त्यानेही एकदा बघितलेले बरे.